नॉर्वेजियन जोडशब्द: आधी जोड शोधावा, मग आघात द्यावा

नॉर्वेजियन भाषेत दोन-तीन शब्द एकत्र येऊन नवा शब्द झाला की तो सलग, मधे जागा न सोडता लिहितात. त्यामुळे नवशिक्याला पानावर पंधरा-वीस अक्षरचिन्हांची अखंड रांग दिसते आणि ती कुठे तोडावी, कोणत्या अक्षरावर जोर द्यावा, हे कळत नाही. बहुतेक जण अशा वेळी डावीकडून एकेक अक्षर लावत वाचत जातात, आणि तिथेच उच्चार बिघडतो. माझ्या मते क्रम उलटा असावा: शब्द कोणत्या घटकांपासून बनला आहे ते प्रथम ठरवावे, त्या घटकांमधला जोड निश्चित करावा, मग आघात आणि शेवटी अक्षरविभाजन पाहावे. जोड चुकला तर पुढचे सगळे चुकते. जोड बरोबर सापडला तर आघात बहुधा आपोआप योग्य जागी पडतो.

पुढील उदाहरणे देवनागरीत उच्चारानुसार दिली आहेत. मुख्य आघात ज्या अक्षरावर आहे त्याच्या आधी ˈ ही खूण आणि दुय्यम आघाताच्या आधी ˌ ही खूण केली आहे. अक्षरे आडव्या रेघेने वेगळी केली आहेत. शब्दान्तीचे व्यंजन मराठीप्रमाणेच स्वरहीन वाचावे. ओठ 'ओ'साठी गोल करून जीभ 'ए'च्या जागी ठेवली की होणारा स्वर येथे 'यो' असा लिहिला आहे, जसा जर्मन कवीचे नाव आपण 'ग्योटे' असे लिहितो. नॉर्वेजियनमध्ये 'ऊ'सारखे दोन स्वर आहेत, परंतु या विषयापुरता त्यांतला भेद महत्त्वाचा नसल्याने दोन्हींसाठी एकच चिन्ह वापरले आहे. उच्चार ऑस्लो आणि आसपासच्या पूर्व नॉर्वेतील आहेत. नॉर्वेत लेखनाच्या बूकमोल आणि नीनॉर्स्क अशा दोन अधिकृत पद्धती आहेत, बोलण्याची मात्र एकही अधिकृत प्रमाण पद्धत नाही; परदेशी विद्यार्थ्यांना बहुधा पूर्वेकडचा उच्चार शिकवतात, एवढेच.

जोड शोधताना शब्द उजवीकडून वाचावा. नॉर्वेजियन समास आपल्या तत्पुरुषासारखा असतो, म्हणजे शेवटचे पद प्रधान असते आणि आधीचे पद त्याचे वर्णन करते. 'हूस' म्हणजे घर आणि 'बोत' म्हणजे नाव (होडी). म्हणून 'हूसबोत' ही राहण्याजोगी नाव असते, तर 'बोतहूस' हे नाव ठेवण्याचे घर असते. शब्दाचे लिंग आणि अनेकवचनाचे रूपही शेवटच्या पदावरूनच ठरते: 'वीन' (वाइन) हा शब्द पुल्लिंगी असला तरी 'वीनग्लास' नपुंसकलिंगी आहे, कारण 'ग्लास' नपुंसकलिंगी आहे. यावरून एक सोयीची रीत निघते. लांब शब्दाच्या उजव्या टोकाकडून ओळखीचा, स्वतंत्रपणे वापरता येणारा सर्वांत मोठा शब्द शोधावा, तो वेगळा काढावा आणि उरलेल्या भागावर पुन्हा तीच क्रिया करावी.

उरलेल्या भागाच्या शेवटी अनेकदा 'स' किंवा 'ए' हा जोडवर्ण सापडतो. 'आरबाइद' (काम) आणि 'प्लास' (जागा) मिळून 'आरबाइद्सप्लास' म्हणजे कामाचे ठिकाण. 'हुन्न' (कुत्रा) आणि 'हूस' मिळून 'हुन्नेहूस' म्हणजे कुत्र्याचे घर. 'बाण' (मूल) आणि 'हागे' (बाग) मिळून 'बाणेहागे' म्हणजे बालवाडी. या वर्णाला स्वतःचा अर्थ नसतो, आणि विभाजन करताना तो नेहमी आधीच्या पदाबरोबर राहतो: आरबाइद्स-प्लास, हुन्ने-हूस. 'स' पुढच्या पदाला चिकटवून वाचणे ही चूक विशेषतः त्या पदाचा आरंभ 'प', 'त' किंवा 'क' ने होत असेल तेव्हा हमखास होते, कारण 'स्प', 'स्त', 'स्क' हे आरंभ नॉर्वेजियनमध्येही चालतात आणि डोळा त्यांना सहज एकत्र धरतो.

जोडवर्णातल्या 'स'चा एक उपयोग पुस्तकांत फारसा ठळकपणे सांगितलेला नसतो, आणि लांब शब्द सोडवताना तोच सर्वांत जास्त कामी येतो. 'वीनग्लास' या शब्दात 'स' नाही. पण 'ऱ्योदवीन' (तांबडी वाइन) हा स्वतःच जोडशब्द असल्याने त्याला 'ग्लास' जोडताना 'ऱ्योदवीन्सग्लास' असे होते. म्हणजे आधीचे पद मुळातच जोडलेले असेल, तर मोठ्या जोडाच्या जागी 'स' येण्याची प्रवृत्ती दिसते, आणि अनेक पदांच्या शब्दात तो 'स' मुख्य सांधा कुठे आहे याची खूण ठरतो. ही प्रवृत्ती आहे, अटळ नियम नव्हे: 'फूतबल्ल' (फुटबॉल) आणि 'स्कू' (बूट) मिळून 'फूतबल्लस्कू' असे 'स'शिवायच होते.

आता आघात. मूळ नियम एका वाक्याचा आहे: जोडशब्दात पहिल्या पदाचा स्वतःचा आघात मुख्य राहतो आणि दुसऱ्या पदाचा आघात दुय्यम होतो. यातला 'स्वतःचा' हा शब्द मोलाचा आहे. मुख्य आघात शब्दाच्या पहिल्या अक्षरावर पडतो असे सरसकट सांगितले जाते, ते अस्सल नॉर्वेजियन पदांपुरते खरे असते, कारण त्यांचा आघात बहुधा पहिल्याच अक्षरावर असतो: ˈबा-णे-ˌहा-गे, ˈहुन्-ने-ˌहूस. पण फ्रेंच, लॅटिन, ग्रीकमधून आलेल्या शब्दांत आघात शेवटाकडे असतो आणि समासात गेल्यावरही तो जागा सोडत नाही. 'हुतेल्ल' (हॉटेल) मध्ये आघात दुसऱ्या अक्षरावर आहे, म्हणून हॉटेलातली खोली म्हणजे हु-ˈतेल्-ˌरुम. 'पुलिती' (पोलीस) चा आघात शेवटच्या अक्षरावर आणि 'स्ताशून' (स्टेशन) चाही शेवटच्या अक्षरावर आहे, त्यामुळे पोलीस ठाणे हे पु-लि-ˈती-स्ता-ˌशून असे उच्चारले जाते. पहिली दोन अक्षरे आघाताशिवाय जातात आणि दोन आघातांच्या मधे आणखी एक हलके अक्षर राहते. पूर्व नॉर्वेतील अनेक बोलींमध्ये 'पुलिती' किंवा 'स्ताशून' अशा शब्दांचा आघात पहिल्या अक्षरावर ओढून घेतात. तसे ऐकू आले तर गोंधळून जाऊ नये. शिकणाऱ्याने मात्र शब्दकोशातला आघातच धरावा.

विद्यापीठाच्या ग्रंथालयाचे नाव या नियमाची चांगली परीक्षा घेते. उजवीकडून 'बिब्लिउतेक' (ग्रंथालय) वेगळे काढले की डावीकडे जोडवर्ण 'स' सह 'ऊनिवॅशितेत' (विद्यापीठ) उरते. दोन्हींचा आघात शेवटच्या अक्षरावर. म्हणून पूर्ण शब्द: ऊ-नि-वॅ-शि-ˈतेत्स-बिब्-लि-उ-ˌतेक. नऊ अक्षरांच्या या शब्दात मुख्य आघात पाचव्या अक्षरावर आणि दुय्यम आघात नवव्या अक्षरावर पडतो. जो वाचक पहिल्याच अक्षरावर जोर देऊन सुरुवात करतो, त्याला पुढे हा शब्द सावरता येत नाही.

दुय्यम आघात म्हणजे नुसता कमी जोर नव्हे. नॉर्वेजियनमध्ये आघातयुक्त अक्षर 'भारी' असावे लागते, म्हणजे त्यात एक तर दीर्घ स्वर आणि त्यापुढे ऱ्हस्व व्यंजन असते, किंवा ऱ्हस्व स्वर आणि त्यापुढे दीर्घ व्यंजन असते. 'ताक' (छप्पर) आणि 'तक्क' (आभार) यांतला फरक एवढाच आहे. जोडशब्दात दुसऱ्या पदाचा जोर कमी झाला तरी हे भारीपण टिकते: 'बाणेहागे' मधला दुसऱ्या पदाचा 'हा' दीर्घच राहिला पाहिजे, 'फूतबल्ल' मधला 'ल' दुहेरीच राहिला पाहिजे. मराठी भाषकाची सवय अशी की एका अक्षरावर जोर दिला की उरलेली अक्षरे भराभर उरकायची. त्यामुळे दुसऱ्या पदाचा दीर्घ स्वर आखूड होतो आणि ऐकणाऱ्याला पद ओळखता येत नाही. सराव करताना दुसरे पद आधी एकटे, पूर्ण लांबीने म्हणावे, मग पहिले पद त्याच्यापुढे जोडावे आणि दुसऱ्याची लांबी तशीच ठेवून फक्त त्याचा जोर उतरवावा.

शब्द तीन पदांचा असेल तर मुख्य आघाताबाबत काही बदलत नाही, दुय्यम आघाताची जागा मात्र सर्वांत मोठा जोड कुठे आहे यावर ठरते. फुटबॉलचे बूट म्हणजे 'फूतबल्ल' अधिक 'स्कू'; मुख्य सांधा 'स्कू'च्या आधी आहे, म्हणून ˈफूत्-बल्-ˌस्कू. लहान मुलांचा फुटबॉल म्हणजे 'बाणे' अधिक 'फूतबल्ल'. येथे मुख्य सांधा 'फूत'च्या आधी आहे, म्हणून ˈबा-णे-ˌफूत्-बल. दोन्ही शब्दांत 'फूतबल्ल' आहे, पण एकात 'बल्ल'ने आपला दुय्यम आघात गमावला आहे आणि दुसऱ्यात 'फूत'चा मुख्य आघात दुय्यम झाला आहे. म्हणजे मुख्य सांध्यानंतर जे पद सुरू होते, त्याच्या आघाती अक्षराला दुय्यम आघात मिळतो आणि बाकीच्या पदांचे आघात फिके पडतात. बालवाडीतली जागा सांगणारा शब्दही असाच: ˈबा-णे-हा-गे-ˌप्लास. 'हागे'वर एकट्या 'बाणेहागे' शब्दात जितका जोर होता, तितका येथे देऊ नये.

जोड लपवणाऱ्या दोन गोष्टी आहेत. पहिली लेखनाची आहे. नॉर्वेजियनमध्ये एकच व्यंजनचिन्ह सलग तीनदा लिहीत नाहीत. 'नत्त' (रात्र) आणि 'तोग' (रेल्वेगाडी) एकत्र आले की तीन 'त' जमतात, त्यांतला एक गळतो आणि रात्रीची गाडी 'नत्तोग' अशी लिहितात. 'फ्येल्ल' (डोंगर) आणि 'लुफ्त' (हवा) यांचेही 'फ्येल्लुफ्त' होते. वाचणाऱ्याने म्हणून दुहेरी व्यंजनाशी थांबून विचारावे: या दोन चिन्हांपैकी दोन्ही डाव्या पदाची आणि एक पुन्हा उजव्या पदाचेही आहे का? ओळीच्या शेवटी शब्द तोडायची वेळ आली, तर गळालेले व्यंजन परत येते आणि 'नत्त-तोग', 'फ्येल्ल-लुफ्त' असे लिहावे लागते. स्वरांच्या बाबतीत अशी काटछाट होत नाही. 'पोस्के' (ईस्टर) आणि 'एग्ग' (अंडे) मिळून होणाऱ्या 'पोस्केएग्ग' शब्दात दोन्ही 'ए' लिहितात आणि दोन्ही उच्चारतात. आपल्याकडच्या संधीसारखे ते एकमेकांत मिसळत नाहीत, आणि मराठी जिभेला तो मोह आवरावा लागतो.

दुसरी गोष्ट उच्चाराची आहे, आणि येथे मराठी भाषकाला जन्मजात सोय आहे. पूर्व नॉर्वेत 'र' नंतर 'त', 'द', 'न' आला की दोन्ही मिळून मूर्धन्य 'ट', 'ड', 'ण' होतात. 'र' आणि 'स' मिळून 'श'सारखा ध्वनी होतो. इतर परदेशी लोक या ध्वनींसाठी झगडतात, आपल्याला ते बाराखडीतच मिळालेले आहेत. हा बदल पदांमधल्या सांध्यावरही होतो. 'सॉम्मेर' (उन्हाळा) आणि 'दाग' (दिवस) मिळून ˈसॉम्-मे-ˌडाग असे ऐकू येते. 'वोर' (वसंत) आणि 'सूल' (सूर्य) मिळून ˈवो-ˌशूल. डाव्या पदाचा 'र' नाहीसा होतो आणि उजव्या पदाचा पहिला ध्वनी बदलतो, म्हणून ऐकून शब्द शोधणाऱ्याला 'डाग' किंवा 'शूल' असे पद शब्दकोशात सापडत नाही. सांध्याशी मूर्धन्य ध्वनी ऐकू आला, तर तो सोडवून आधी 'र' आणि पुढे दंत्य व्यंजन असे दोन तुकडे करून पाहावेत. पश्चिमेला बर्गन आणि स्तावांगर, तसेच दक्षिणेला क्रिस्तियानसान्न येथे घशातला 'र' बोलतात आणि तेथे हा बदल होत नाही. तिथला सांधा अधिक स्पष्ट ऐकू येतो.

लेखनात शब्द ओळीच्या शेवटी तोडायचा असेल तर पदांच्या सांध्याशी तोडणे हाच उत्तम मार्ग आहे. सांधा सोयीच्या जागी येत नसेल तर पदाच्या आत तोडता येते, आणि तेथे दोन रीती मान्य आहेत: एकच व्यंजन पुढच्या ओळीत न्यावे, किंवा मूळ शब्द आणि प्रत्यय वेगळे करावेत. 'हूसेत' (ते घर) हा शब्द म्हणून 'हू-सेत' असाही तोडता येतो आणि 'हूस-एत' असाही. एकच व्यंजन पुढे नेण्याची रीत सांध्यावर मात्र लावू नये. संगणकाची आपोआप तोड करणारी सोय नेमकी तिथेच फसते, म्हणून छापण्यापूर्वी ओळींची टोके डोळ्यांखालून घालावीत.

काही शब्द लेखनात दोन प्रकारे फोडता येतात. मोटारीचे टायर म्हणजे 'बील' (मोटार) अधिक 'देक्क'. पण लिखित रूपाची सुरुवात 'बिल्दे' (चित्र) या शब्दाशी तंतोतंत जुळते, कारण नॉर्वेजियन लेखनात स्वर ऱ्हस्व की दीर्घ हे चिन्हावरून दिसत नाही, पुढच्या व्यंजनांवरून ताडावे लागते. डावीकडून वाचणारा 'बिल्दे' वाचून मोकळा होतो आणि मग उरलेल्या 'क्क'चे काय करायचे ते त्याला कळत नाही. शीतपेयाचा क्रेट म्हणजे 'ब्रूस' अधिक 'कस्से', पण घाईत वाचणाऱ्याला 'ब्रुस्क' (कूर्चा) दिसते. अशा ठिकाणी दोन्ही फोडी करून पाहाव्यात आणि ज्या फोडीत दोन्ही बाजूंना पूर्ण शब्द उरतात ती घ्यावी. जोड कुठे धरला यावर स्वराची लांबी बदलते, 'बील' मध्ये दीर्घ आणि 'बिल्दे' मध्ये ऱ्हस्व, हे यात लक्षात ठेवण्यासारखे.

उलट बाजूने, सलग लिहायचा शब्द तोडून लिहिला तर अर्थच पालटतो, आणि नॉर्वेजियन लोक स्वतः याबाबतीत बरेच चुकतात. 'लम्मेलोर' म्हणजे कोकराच्या मांडीचे मटण. तेच 'लम्मे लोर' असे दोन शब्दांत लिहिले तर लुळ्या पडलेल्या मांड्या असा अर्थ होतो. 'ऱ्योय्कफ्रित्त' म्हणजे धूम्रपानमुक्त. 'ऱ्योय्क फ्रित्त' म्हणजे मोकळेपणाने धूम्रपान करा. कानाला हा फरक सहज कळतो, कारण जोडशब्दात एकच मुख्य आघात असतो, ˈलम्-मे-ˌलोर, आणि सुट्या शब्दांत दोन मुख्य आघात असतात, ˈलम्-मे ˈलोर. म्हणून लिहिताना शंका आली की शब्द मोठ्याने म्हणावा: जोर एकदाच पडला तर सलग लिहावे, दोनदा पडला तर सुटे लिहावे. 'स्तूरेब्रूर' (थोरला भाऊ) आणि 'स्तूर ब्रूर' (आकाराने मोठा असलेला भाऊ) हेही याच कसोटीने वेगळे होतात.

आघाताबरोबर सूरही येतो, आणि त्याबद्दल थोडक्यात सांगणे भाग आहे. नॉर्वेजियनच्या बहुतेक बोलींत आघाती अक्षरापासून सुरू होणारे दोन सूर आहेत. 'तङ्केन' हा शब्द पहिल्या सुरात म्हटला तर टाकी आणि दुसऱ्या सुरात म्हटला तर विचार. ऑस्लोकडे पहिला सूर आघाती अक्षरावर खाली असतो आणि मग चढतो. दुसरा सूर वरून सुरू होऊन खाली उतरतो आणि शेवटाकडे पुन्हा चढतो. जोडशब्दाला, तो कितीही लांब असला तरी, असा एकच सूर मिळतो. तो मुख्य आघातापाशी सुरू होतो आणि शब्दाच्या शेवटापर्यंत पसरतो. दुसऱ्या पदाचा स्वतःचा सूर समासात लोपतो. पहिल्या पदाचा सूर दुसरा असेल तर जोडशब्दही दुसराच सूर घेतो, म्हणून 'सॉम्मेर'प्रमाणे 'सॉम्मेडाग'ही दुसऱ्या सुरात येतो. जोडवर्ण 'ए' असलेले 'हुन्नेहूस' सारखे शब्दही साधारणपणे दुसऱ्या सुराचे असतात. पहिले पद एकाक्षरी असेल तर मात्र दोन्ही शक्यता असतात आणि शब्दागणिक पाठ करण्यावाचून उपाय नाही. स्वीडनच्या मध्य भागात जवळजवळ सर्व जोडशब्द दुसरा सूर घेतात. स्वीडिश आधी शिकून आलेल्यांनी ती सवय येथे आणू नये. नवशिक्याने सुराची चिंता आघातानंतर करावी, कारण सूर चुकला तरी वाक्याच्या संदर्भाने शब्द समजतो, पण आघात चुकला तर अनेकदा समजत नाही.

उपसर्गांमुळे एक फसगत होते. 'बे' आणि 'फॉर' हे आरंभीचे तुकडे स्वतंत्र पदांसारखे दिसतात, पण जर्मनमधून आलेल्या क्रियापदांत ते आघात घेत नाहीत: बे-ˈता-ले (पैसे देणे), फॉ-ˈश्टो (समजणे). याउलट 'फॉश्लाग' (प्रस्ताव) या नामात त्याच दिसणाऱ्या 'फॉर'वर मुख्य आघात आहे: ˈफॉश्-ˌलाग. म्हणजे अशा क्रियापदांत 'फॉर' हलका असतो, नामात मात्र तो जड असू शकतो.

आणि खरे अपवादही आहेत, विशेषतः सणांच्या आणि गावांच्या नावांत, जिथे मुख्य आघात दुसऱ्या पदावर जातो. 24 डिसेंबरची नाताळची संध्याकाळ म्हणजे यूल्-ˈअफ्-तेन. गुड फ्रायडे म्हणजे लङ्-ˈफ्रे-दाग. त्याच्या आदल्या दिवसाचा गुरुवार म्हणजे शॅ-ˈटोश्-डाग. राजा चौथ्या क्रिस्तियानने 1641 मध्ये वसवलेले क्रिस्-ति-यान्-ˈसान्न आणि 1742 मध्ये सहाव्या क्रिस्तियानच्या नावाने शहराचा दर्जा मिळालेले क्रिस्-ति-यान्-ˈसुन्न या दोन्ही शहरांच्या नावांतही आघात शेवटी पडतो, आणि दोघांत भेद करणारे अक्षर नेमके तेच आहे. हे शब्द नियमाने सुटत नाहीत. नॉर्वेजियन अकादमीच्या ऑनलाइन शब्दकोशात आघात आणि सूर दोन्ही दाखवलेले असतात. शंका येईल तेव्हा तिथे शब्द पाहावा, आणि पूर्ण जोडशब्द सापडला नाही तर त्याचे पहिले पद पाहून मुख्य आघात तिथून घ्यावा.